आजाराची अनामत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओवर बोलायला बसलं की माणूस जरा चमत्कारिक अवस्थेत सापडतो. समोर मायक्रोफोन, त्यापलीकडे काच, काचेमागे हाताने इशारा करणारे एक गृहस्थ. ऐकणारे कोण, ते मात्र दिसत नाही. कुणी भाकरी थापता थापता ऐकत असेल, कुणी ट्रॅक्टरवर, कुणी दवाखान्याच्या बाकड्यावर. कवीला या अंधाराची सवय असते. कविता छापून आली की ती कुणाच्या हाती पडते, हे त्याला कुठे कळतं? पण डॉक्टर आणि रोगी यांच्यामध्ये असा अंधार पूर्वी नव्हता. दार लोटलेलं असायचं, पडदा ओढलेला असायचा आणि आत मोजकी माणसं असायची. आता फोनच्या पडद्यावर डॉक्टर भेटतात. तेव्हा आत नेमकी किती माणसं असतात, याविषयी आज बोलायचं आहे.

मी डॉक्टर नाही, संगणकतज्ज्ञ तर नाहीच. मराठी घेऊन बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. या विषयात मला ओढलं ते माझ्या खालानं. खाला म्हणजे मावशी. तिची गोष्ट इथे सांगण्याआधी मी तिची परवानगी मागितली. तिनं दोन अटी घातल्या. "माझं नाव घ्यायचं नाही आणि गावाचं नाव घ्यायचं नाही. बाकी सगळं सांग. बाया ऐकतात रेडिओ." तेव्हा नाव आणि गाव तुम्हाला मिळणार नाही.

खालानं उभी हयात विड्या वळल्या. हजारावर मजुरी. मांडीवर सूप, सुपात पानं आणि जर्दा, आणि दिवसभर खाली घातलेली मान. २०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा ती सोलापूरला आमच्याकडे आलेली होती, ती अडकलीच. तिचे गुडघे दुखत होते. दवाखान्यात जायची सोय नव्हती, धास्तीही होती. कुणीतरी सांगितलं, फोनवर डॉक्टर मिळतात. मी माझा नंबर टाकला, माझ्या फोनवर ओटीपी आला, तक्रारीच्या रकान्यात मीच 'गुडघेदुखी' असं लिहिलं. थोड्या वेळानं पडद्यावर एक तरुण डॉक्टरीणबाई दिसू लागल्या. भूक लागते का? मी म्हटलं, लागते. झोप? येते. आणखी काही त्रास? मी खालाकडे पाहिलं. ती चौकटीकडे पाहत होती. माझी दोन्ही मुलं कौतुकानं फोनमध्ये डोकावत होती. "नाही," मीच म्हणालो. पाच मिनिटांत औषधाची चिठ्ठी फोनवर आली. पुढचे दोन दिवस मी घरात फुशारकी मारत होतो.

त्या वेळी खालाच्या अंगावरून लाल जात होतं. पाळी बंद होऊन दहा-बारा वर्षं झालेली बाई. हे भाच्यासमोर, त्याच्या मुलांसमोर, त्याच्याच हातातल्या फोनला कसं सांगणार? डॉक्टरीणबाईंचा दोष नव्हता, त्यांनी विचारलं होतं. उत्तर दुसऱ्यानं दिलं. मला हे कळायला आठ महिने गेले. त्याकडे नंतर येतो.

डिजिटल आरोग्यसेवा हा शब्द मोठा आहे आणि त्याच्या पोटात बरंच काही आहे. दूर बसलेल्या डॉक्टरांशी बोलणं हा त्यातला एक भाग. रोग्याच्या नोंदी कागदाऐवजी संगणकात ठेवणं हा दुसरा. बोटाला, मनगटाला लावायची यंत्रं आणि क्ष-किरणाचं चित्र पाहून आजार ओळखणारे संगणकाचे कार्यक्रम हा तिसरा. यातली पहिली कल्पना वाटते तेवढी नवी नाही, आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे ती रेडिओशी जोडलेली आहे. १९२४ सालच्या एप्रिलमध्ये 'रेडिओ न्यूज' या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर एक चित्र होतं. घरातल्या रेडिओसारख्या पेटीच्या पडद्यावर डॉक्टर दिसताहेत आणि आजारी मूल त्यांना जीभ दाखवतंय. शीर्षक होतं 'रेडिओ डॉक्टर', आणि त्यापुढे 'कदाचित' असा प्रामाणिक शब्द.

आपल्याकडे ते 'कदाचित' खरं व्हायला सुरुवात झाली २००० साली, आंध्रातल्या अरगोंडा या गावी. तिथला दवाखाना शहरातल्या मोठ्या इस्पितळाशी जोडला गेला. पुढे 'इस्रो'नं उपग्रहामार्फत दुर्गम भागातली रुग्णालयं शहरांतल्या रुग्णालयांशी जोडायला घेतली. तरी वीस वर्षं हे काम प्रयोगासारखंच राहिलं. फोनवरून औषध लिहून देणं कायद्यात बसतं की नाही, हेच डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं त्याची नियमावली जाहीर केली. पुढच्याच महिन्यात 'ई-संजीवनी' ही सरकारी सेवा घरबसल्या मिळू लागली. तिचा एक प्रकार आदल्या वर्षापासून सुरू होता. त्यात गावातल्या उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी रोग्याला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांना जोडून देतात. दोन्ही मिळून आजवर तीस कोटींहून अधिक सल्ले दिले गेले आहेत. एवढा मोठा आकडा मनात मावत नाही. मी तो असा समजून घेतो की, बसचं भाडं, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा बुडालेला दिवस, हे तीस कोटी वेळा वाचलं, निदान त्यातल्या बऱ्याच वेळा तरी. विड्या वळणाऱ्या बाईला दवाखान्याची एक खेप म्हणजे हजार विड्यांची मजुरी गेली.

ती नियमावली मी नंतर मुळातून वाचली. इंग्रजी आहे, पण अवघड नाही. फोनवर भागणार नाही असं डॉक्टरांना वाटलं तर त्यांनी रोग्याला प्रत्यक्ष बोलवावं. नशा आणणारी, सवय लावणारी काही औषधं फोनवर लिहून द्यायची नाहीत. यंत्रानं परस्पर रोग्याला सल्ला द्यायचा नाही की औषध लिहायचं नाही. ते डॉक्टरांना मदत करू शकतं, पण निर्णय माणसाचा. आणि एक कलम मी दोनदा वाचलं. रोग्याच्या वतीनं दुसरं कुणी बोलणार असेल तर रोगी अज्ञान बालक तरी असावा, किंवा बोलण्याच्या स्थितीत नसावा. एरवी त्याची तशी रीतसर संमती हवी. माझी खाला बालक नव्हती आणि तिची शुद्धही शाबूत होती. मी तिचं तोंड होऊन बसलो होतो, आणि ते मदत म्हणून.

हे माझ्याच घरी झालं असं नाही. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना विचारलं होतं की, तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याजवळ आहे का? शंभरातल्या ५४ जणी हो म्हणाल्या. उरलेल्या ४६ जणींनी फोनवर डॉक्टरांशी बोलायचं ते नवऱ्याच्या, मुलाच्या नाहीतर भाच्याच्या फोनवरून. दवाखाना घरात आला हे खरं, पण घरात आल्यावर तो घरासारखाच झाला. घरात जे बोलता येत नाही, ते तिथेही बोलता येईना.

आमच्या मोहल्ल्यात माझ्या लहानपणी एक हकीमसाहेब होते. नाडी धरण्याआधी ते एकच वाक्य म्हणायचे, "बाकीचे बाहेर." मग तो सासरा असो की मोठा भाऊ, बाहेर ओट्यावर. त्यांची आणखी एक खोड होती. ते कागदावर फक्त नुस्खा लिहायचे. आजाराचं नाव लिहायचे नाहीत. कागद कुणाच्याही हाती पडतो म्हणायचे. यातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हकीमसाहेब गेले तेव्हा अर्ध्या मोहल्ल्याच्या आजारांचा इतिहास त्यांच्यासोबत गेला. माझ्या वडिलांना कशानं बरं वाटायचं आणि कशाची रिअ‍ॅक्शन यायची, हे दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणून नोंदी ठेवणं हा चैनीचा भाग नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात रक्ताचे रिपोर्ट, पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या आणि वळकटी झालेली क्ष-किरणाची फिल्म. मोठ्या दवाखान्यात गेलं की नेमका हवा तो कागद सापडत नाही आणि तपासण्या पहिल्यापासून होतात, पैसेही पहिल्यापासून लागतात. यावर उपाय म्हणून २०२० च्या १५ ऑगस्टला सहा केंद्रशासित प्रदेशांत एक योजना सुरू झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ ला ती देशभर आली. आज आपण तिला आयुष्मान भारत डिजिटल मिशन म्हणतो. तिच्यात माणसाला १४ आकडी क्रमांक मिळतो. त्याचं नाव 'आभा'. असे सत्तर कोटींहून अधिक क्रमांक निघाले आहेत.

पुष्कळांना वाटतं की आपले सगळे रिपोर्ट दिल्लीत एका संगणकात जाऊन पडतात. रचना तशी नाही. नोंद जिथे तयार झाली त्या दवाखान्यात किंवा प्रयोगशाळेत राहते. आभा क्रमांक हा नुसता दुवा. दुसऱ्या डॉक्टरांना ती पाहायची असेल तर ते विनंती करतात, तुमच्या फोनवर निरोप येतो, आणि कोणती नोंद, किती काळासाठी दाखवायची ते तुम्ही ठरवायचं. दिलेली परवानगी मागे घेता येते. क्रमांक काढणंही ऐच्छिक आहे.

ही रचना करणाऱ्यांनी विचार केला आहे, हे मान्य करायला हवं. अडचण येते ती खिडकीशी. रांगेत चाळीस माणसं, खिडकीतला माणूस म्हणतो, "आभा आहे का? नाही? काढून घ्या." त्या क्षणी ऐच्छिक या शब्दाचा अर्थ विचारत कोण बसतो? २०२१ साली लसीकरणाला आधार कार्ड दाखवलेल्या अनेकांच्या प्रमाणपत्रावर हा आरोग्य-क्रमांक आपसूक उमटला, तेव्हा त्यावर टीका झाली होती. आम्हाला विचारलं कधी, असं लोक म्हणत होते. कुठल्या तरी बारीक अक्षरात विचारलं असेलही. बारीक अक्षरांशी माझं वैर जुनं आहे. खालाला तर मोठी अक्षरंही वाचता येत नाहीत, फक्त आकडे येतात. विड्यांचा हिशेब चुकू नये म्हणून शिकलेले.

या सगळ्याचा उजेड कुठे पडतो ते क्षयरोगाच्या कामात स्वच्छ दिसतं. विडीच्या धंद्यात छाती धरणं घरोघरी, म्हणून मला ते जवळचं. क्षयाचा उपचार काही महिने चालतो आणि बरं वाटायला लागलं की माणूस गोळ्या सोडतो. २०१२ पासून 'निक्षय' नावाच्या संगणकीय नोंदवहीत रोग्यांची नोंद होऊ लागली. रोगी सुरतेला गेला, पुण्याला गेला, तरी उपचाराचा धागा तुटत नाही. आहारासाठी दरमहा पैसे थेट खात्यात येतात. २०१८ पासून ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. क्ष-किरणाचं चित्र पाहून संशयित ओळखणाऱ्या संगणकीय कार्यक्रमांना जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली, पंधरा वर्षांवरच्या माणसांसाठी, हिरवा कंदील दाखवला. जिथे क्ष-किरणाचं यंत्र पोचतं पण ते चित्र वाचणारा डॉक्टर पोचत नाही, तिथे हे मोठंच काम आहे.

आणि एक युक्ती मला फार आवडली. गोळ्यांच्या पाकिटावर असं एक वेष्टण की गोळी बाहेर काढली की तिच्यामागे लपलेला फोन नंबर दिसतो. त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. पैसे लागत नाहीत, साधा फोन चालतो, आणि आज गोळी घेतली गेली असं आरोग्य केंद्राला कळतं. पूर्वी गोळी गिळताना पाहायला कर्मचारी समोर उभा राहायचा, त्यापेक्षा हे सुटसुटीत. पण उलटून पाहा. कॉल आला नाही की केंद्रावरून फोन येतो, कुणी दारात येतं. शेजारी विचारतात, आरोग्यवाले का आले होते? लग्नाची मुलगी असली तर तिचं लग्न तिथेच अडतं. काळजी आणि पाळत यांच्यात एका पायरीचं अंतर आहे. दारात येणारा माणूस कसा येतो, काय बोलतो, किती मोठ्यानं बोलतो, यावर ती पायरी अवलंबून.

आता गुपित फुटण्याविषयी. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स'च्या संगणकांवर हल्ला झाला. घुसखोरांनी पाच सर्व्हरांतली माहिती कुलूपबंद करून टाकली. जवळजवळ दोन आठवडे देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयात केसपेपर, रिपोर्ट, बिलं हातानं लिहिली गेली. जुने कारकून तेव्हा मनात हसले असतील. तिथे निदान मुख्य प्रश्न काम थांबण्याचा होता. फिनलंडमध्ये घडलं ते याहून क्रूर. मानसोपचार देणारी एक खासगी संस्था होती, वास्तामो नावाची. रोगी समुपदेशकाजवळ जे बोलत, त्याची टिपणं तिच्या संगणकात होती. लहानपणचे अत्याचार, मोडलेली लग्नं, आत्महत्येचे विचार. ती टिपणं चोरीला गेली. २०२० मध्ये चोरानं आधी संस्थेकडे खंडणी मागितली. ती मिळेना तेव्हा एकेका रोग्यालाच पत्रं पाठवली की, २०० युरो द्या, नाहीतर तुमचं सगळं जगासमोर टाकतो. सुमारे ३३ हजार माणसं यात सापडली. संस्था दिवाळखोरीत गेली. २०२४ साली आरोपीला सव्वासहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली.

पैसे चोरीला गेले तर पुन्हा मिळवता येतात, पासवर्ड बदलता येतो. माझ्या आईला काय झालं होतं, मी कोणत्या रात्री काय विचार केला होता, हे एकदा बाहेर पडलं की ते परत आत घालता येत नाही. आजाराची माहिती ही बाकीच्या माहितीसारखी नव्हे, ती एवढ्यासाठी.

आपल्याकडे २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदींना 'संवेदनशील' असा वेगळा दर्जा होता. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. त्यात असा वेगळा वर्ग नाही. तुमचा दुकानातला खरेदीचा तपशील आणि तुमचा एचआयव्हीचा रिपोर्ट, दोन्हींना सारखंच माप. हे मला पटत नाही. एचआयव्हीपुरता २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे हे बरं, पण क्षय, कर्करोग, वेड, वांझपण, यांना आपल्या समाजात कमी काटे आहेत का?

त्याच कायद्यातल्या दोन गोष्टी मात्र मनापासून आवडल्या. संमती मागण्याची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांतून मिळण्याची सोय हवी, म्हणजे मराठीतूनही. आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती काढून घेणंही सोपं असलं पाहिजे. जो तुमची माहिती गोळा करतो, त्याला या कायद्यानं एक नाव दिलं आहे, 'डेटा फिड्युशिअरी'. शब्द जिभेला जड आहे, पण अर्थ ओळखीचा. विश्वस्त. दुसऱ्याची वस्तू सांभाळणारा. आमच्या घरात त्याला अमानत हा शब्द होता. शेजारीण माहेरी जाताना दागिन्यांचा डबा अम्मीकडे ठेवून जायची, अम्मी तो उघडून पाहायचीसुद्धा नाही. हाच अरबी शब्द मराठीत आला आणि जीभ वळता वळता 'अनामत' झाला. आज तो बँकेत आणि घरमालकाच्या पावतीवर तेवढा उरला आहे. दवाखान्याच्या संगणकावर तो लिहिलेला असावा, असं माझ्यासारख्या शब्द जमवणाऱ्या माणसाला वाटतं.

यंत्रांविषयी दोन गोष्टी सांगतो. २०२१ च्या लाटेत घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. ते बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतं आणि रक्तात प्राणवायू किती हे त्यावरून ठरवतं. पण प्रकाश आधी कातडीतून जातो, आणि कातडीचा रंग त्यात ढवळाढवळ करतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांनी तपासून दाखवलं की, यंत्र सारं ठीक म्हणत असताना प्रत्यक्षात प्राणवायू धोक्याइतका कमी असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के होतं आणि काळ्या रुग्णांत ११.७ टक्के. सोलापूरच्या उन्हात रापलेल्या बोटांना हे यंत्र लावून आपण निर्धास्त होत होतो.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांत एक संगणकीय कार्यक्रम ठरवत असे की, कोणत्या रोग्याला जादा मदत द्यायची. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्याची चिरफाड झाली. कार्यक्रमात माणसाच्या वर्णाचा उल्लेखही नव्हता. तो फक्त पाहत होता, या माणसाच्या उपचारांवर खर्च किती होईल? जास्त खर्च म्हणजे जास्त आजार. हिशेब बरोबर वाटतो ना? पण काळ्या लोकांवर खर्चच कमी होत आला होता, कारण त्यांना उपचारच कमी मिळत होते. म्हणून जास्त आजारी असूनही ते यंत्राला ठणठणीत दिसत. चूक सुधारली तर मदतीला पात्र ठरणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा संशोधकांचा हिशेब होता.

हे वाचलं तेव्हा मला खाला आठवली. साठ वर्षांत तिनं दवाखान्यावर किती खर्च केला? जवळजवळ शून्य. बाळंतपणं घरात, ताप अंगावर, खोकला ओव्याच्या धुरीवर. त्या यंत्रापुढे तिला बसवलं असतं तर ते म्हणालं असतं, ही बाई कधी आजारीच पडली नाही.

टाळेबंदी उठल्यावर ती गावी गेली. गावातल्या उपकेंद्रात एक तरुण समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, गाव त्यांना 'मॅडम' म्हणतं. तिशीपुढच्या सगळ्यांचा रक्तदाब, साखर आणि कर्करोगाची प्राथमिक तपासणी करायची त्यांची मोहीम चालू होती. खाला आशाताईंच्या आग्रहामुळे गेली. सोबत माझा मामा होता. मॅडम म्हणाल्या, "मामा, तुम्ही जरा बाहेर बसा." आणि दार लावून घेतलं. हकीमसाहेबांचंच वाक्य. मग त्यांनी विचारलं, आणि खालानं सांगितलं. त्यांनी तिथूनच टॅबवर दूरच्या डॉक्टरांना जोडून घेतलं. त्याही बाईच होत्या. त्यांनी चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, वाट पाहू नका, शहरात जाऊन सोनोग्राफी करा. खाला चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. चिठ्ठी वाचून मी म्हटलं, "खाला, तेव्हा फोनवर डॉक्टरांनी विचारलं होतं की आणखी काही त्रास आहे का म्हणून." ती म्हणाली, "विचारलं होतं. तूच नाही म्हणालास."

गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला. पसरला नव्हता. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार झाले. आठ महिने वाया गेले होते. ते निभावलं, हा नशिबाचा भाग आहे. माझ्या हुशारीचा नाही, आणि त्या पहिल्या फोनचाही नाही. तंत्र दोन्ही वेळा एकच होतं, पडदा आणि पलीकडे डॉक्टर. फरक एका दाराचा होता.

आणखी एक राहिलं. तिचा आभा क्रमांक काढताना नंबर माझाच दिला होता, आधारलाही माझाच. म्हणजे तिच्या रिपोर्टचा प्रत्येक निरोप माझ्या फोनवर यायचा. कुणी तिची नोंद पाहायला मागितली तर परवानगी द्यायची ती मी. गेल्या हिवाळ्यात ते बदलायचं ठरवलं. साधा बटणांचा फोन घेतला, तिच्या नावाचं सिम घेतलं आणि आधारच्या केंद्रावर गेलो. यंत्रानं अंगठा घेईना. विड्या वळून वळून ठसे झिजलेले. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या वेळी डोळ्यांवरून काम झालं.

मग उपकेंद्रात मॅडमनी आभाचा नंबर बदलायला घेतला. खालाच्या फोनवर टिंग झालं. मी उठून हात पुढे केला, सवयीनं. तिनं फोन छातीशी धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो. आतून तिचा आवाज येत होता. एकेक आकडा सावकाश, विड्यांची बंडलं मोजताना म्हणायची तसा.